पाळीतील अनियमित रक्तस्राव आणि संप्रेरकांचा बिघाड : पिशवी काढण्यापूर्वी काय तपासावे?

सुरंगी

नमस्कार. हा धागा माझ्या थोरल्या जाऊबाईंसाठी काढत आहे. त्या देवगड तालुक्यात राहतात. वय ४२, दोन मुले, दोन्ही बाळंतपणे नैसर्गिक. गेले वर्षभर त्यांच्या पाळीला नेम राहिलेला नाही. कधी दोन-दोन महिने पाळी येतच नाही, आणि मग आली की पंधरवडा उलटला तरी थांबत नाही. गाठी पडतात, पोटात मात्र फारसे दुखत नाही. गणपतीच्या आधी त्यांनी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या दरवर्षीप्रमाणे मेडिकलमधून आणून घेतल्या. गौरी-गणपतीचे विसर्जन झाल्यावर गोळ्या बंद केल्या आणि त्यानंतर जो रक्तस्राव सुरू झाला, तो आजतागायत पुरता थांबलेला नाही.

तालुक्याच्या ठिकाणी एका खाजगी दवाखान्यात त्यांची सोनोग्राफी झाली. गर्भाशयाचा आकार नेहमीसारखा आहे, फायब्रॉइड (गर्भाशयातील साधी गाठ) नाही, आतल्या अस्तराची जाडी १४ मिलिमीटर आहे आणि उजव्या अंडाशयात लहानशी पाणगाठ आहे, असे रिपोर्टमध्ये लिहिले आहे. हिमोग्लोबिन ७.८ आले. विहिरीवरून कळशी आणताना त्या मधल्या पायरीवर टेकतात, आणि तांदूळ निवडायला बसल्या की कच्चे तांदूळ तोंडात टाकून चावत राहतात. ही सवय त्यांना पूर्वी कधीच नव्हती.

घरात सासूबाई म्हणतात, ‘पाळी जायच्या वेळी असं व्हायचंच.’ दवाखान्यात सांगण्यात आले, ‘मुलं झाली आहेत, आता पिशवी काढून टाका.’ मला ही दोन्ही उत्तरे पटत नाहीत, कारण रक्तस्राव कशामुळे होतो आहे हा प्रश्न दोन्हीकडे कोणी विचारलेलाच नाही. संप्रेरकांमुळे असे होते म्हणजे शरीरात नेमके काय होते, कोणत्या तपासण्या राहून गेल्या आहेत आणि शस्त्रक्रियेच्या आधी कोणते उपचार करून पाहता येतात, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

अबोली

सुरंगीताई, सर्वप्रथम त्यांची थायरॉइडची तपासणी झाली आहे का, हे पाहावे. मलाही पाळीत महिन्यातले अर्धे दिवस रक्तस्राव होत असे. टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक) तपासल्यावर ते बरेच वाढलेले निघाले. थायरॉइडची गोळी सुरू केल्यानंतर काही महिन्यांत पाळी हळूहळू मार्गावर आली, वेगळे कोणतेही औषध घ्यावे लागले नाही. केस गळणे, अंग जड वाटणे, बद्धकोष्ठ अशी इतर लक्षणे असतील, तर तीही डॉक्टरांना सांगावीत.

खाडीकाठ

मी रत्नागिरी जिल्ह्यात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो. रुग्णाला न तपासता निदान करता येत नाही आणि येथे मी ते करणार नाही. परंतु आपण दिलेली माहिती नेमकी असल्यामुळे विषय समजावून सांगणे सोपे जाईल.

निरोगी पाळीत मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीच्या आदेशाने अंडाशयातील एक बीजपुटिका (बीज असलेली बारीक पिशवी) वाढते आणि ईस्ट्रोजेन तयार करते. त्यामुळे गर्भाशयाचे अस्तर जाड होऊ लागते. बीज बाहेर पडल्यानंतर त्या पुटिकेचा पीतपिंड होतो आणि तो प्रोजेस्टेरॉन तयार करतो. हे दुसरे संप्रेरक अस्तराची वाढ रोखते आणि त्याला पक्केपणा आणते. गर्भ राहिला नाही तर पीतपिंड साधारण १४ दिवसांत विरतो, प्रोजेस्टेरॉन एकदम उतरते आणि सगळे अस्तर एकाच वेळी सुटून येते. पाठोपाठ तेथील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तस्राव आपोआप थांबतो. पाळी ठरावीक दिवशी येते आणि ठरावीक दिवसांत संपते, ती या क्रमामुळे.

बीज बाहेरच पडले नाही, तर पीतपिंड तयार होत नाही आणि प्रोजेस्टेरॉनही मिळत नाही. ईस्ट्रोजेनचे काम मात्र चालूच राहते. आपल्याकडे परड्याभोवती चुना-सिमेंट न वापरता दगडावर दगड रचून गडगा घालतात. तो एका मर्यादेपलीकडे उंच करत नेला की पावसात आज इथे, उद्या तिथे असा ढासळत राहतो. प्रोजेस्टेरॉनवाचून वाढलेल्या अस्तराचे तसेच होते. ते एकसंध सुटत नाही, तुकड्यातुकड्याने गळत राहते. एका जागी रक्त थांबते तोवर दुसऱ्या जागी सुरू होते. म्हणून आधी दोन महिने पाळी नाही आणि मग थांबण्याचे नाव नाही, असे चित्र दिसते. अशा रक्तस्रावात पोटात फारसे दुखत नाही, कारण वेदना निर्माण करणारी प्रोस्टाग्लँडिन ही द्रव्ये मुख्यतः बीज बाहेर पडलेल्या पाळीत वाढतात. जाऊबाईंच्या अंडाशयातील पाणगाठ ही न फुटलेली बीजपुटिका असण्याची शक्यता मोठी आहे. अशी गाठ बहुधा दोन-तीन महिन्यांत आपोआप विरते. त्या मुदतीनंतर सोनोग्राफी पुन्हा करून तशी खात्री करून घ्यावी. केवळ त्या गाठीसाठी शस्त्रक्रियेची घाई करण्याचे कारण सहसा नसते.

बीज बाहेर न पडण्याची कारणे वयानुसार बदलतात. चाळिशीनंतर अंडाशयातील बीजांचा साठा उतरणीला लागल्यामुळे असे वारंवार होते. तरुण वयात पीसीओएस (संप्रेरकांच्या बिघाडाने बीज नियमित बाहेर न पडण्याचा विकार) हे मुख्य कारण असते. थायरॉइडचा उल्लेख अबोलीताईंनी केलाच आहे, त्याखेरीज प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारे संप्रेरक) वाढणे, वजन झपाट्याने कमी होणे, दीर्घ मानसिक ताण आणि मानसिक आजारांवरील काही औषधे ही कारणेही आहेत. वजन जास्त असेल तर शरीरातील चरबीतही ईस्ट्रोजेन तयार होते आणि असंतुलनात भर पडते.

गणपतीच्या गोळ्यांविषयी स्वतंत्रपणे लिहितो, कारण भाद्रपदानंतर आमच्या दवाखान्यांत हा प्रश्न दरवर्षी येतो. त्या गोळ्या नॉरएथिस्टेरॉनच्या असतात आणि त्या प्रोजेस्टेरॉनसारखेच काम करतात. त्या चालू असेपर्यंत अस्तर टिकते आणि बंद केल्यावर साधारण दोन-तीन दिवसांत रक्तस्राव सुरू होतो. तो अपेक्षितच असतो. जिची पाळी मुळात नियमित आहे, तिला त्याचा विशेष त्रास होत नाही. परंतु वर्षभर बीज बाहेर न पडल्यामुळे अस्तर आधीच जाड झालेले असेल, तर तोच रक्तस्राव अंगावर जास्त जातो आणि लांबतो. गोळ्यांनी आजार निर्माण केला असे येथे दिसत नाही, असलेला आजार त्यांच्यामुळे उघड झाला असावा. तरीसुद्धा पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊन गेलेल्या किंवा यकृताचा आजार असलेल्या स्त्रीने त्या घेऊ नयेत. पाळी अनियमित असताना तर त्या परस्पर मेडिकलमधून आणून घेणे मला योग्य वाटत नाही.

आता तपासण्यांकडे वळतो. स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिगोने, २०११ साली अशा रक्तस्रावाच्या कारणांचे नऊ गट पाडले. त्यातील चार गटांतील कारणे सोनोग्राफीत किंवा सूक्ष्मदर्शकाखाली दिसू शकतात : पॉलिप (अस्तरावरचा कोंब), ॲडेनोमायोसिस (अस्तर गर्भाशयाच्या स्नायूत शिरणे), फायब्रॉइड आणि कर्करोग किंवा त्याची पूर्वावस्था. उरलेल्या पाच गटांत रक्त गोठण्यातील दोष, बीज बाहेर न पडणे, अस्तराचा स्वतःचा दोष, औषधे किंवा तांबीसारखी साधने आणि इतर कारणे येतात. सांगण्याचा हेतू असा, की ‘हार्मोन्सचे असेल’ हा अंदाज बांधण्यापूर्वी बाकीचे गट बाजूला सारावे लागतात. पाळी लांबून मग रक्तस्राव झाला असेल, तर गर्भ राहिला नाही ना, याची लघवीची तपासणी सगळ्यांत आधी करावी, वय ४२ असले तरीही. त्यानंतर रक्ताची संपूर्ण मोजणी, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी तपासणी), टीएसएच आणि गरजेनुसार प्रोलॅक्टिन व साखर तपासावी. गर्भाशयाच्या मुखाची तपासणीही याच वेळी उरकून घ्यावी, कारण तेथील आजारामुळेही अवेळी रक्तस्राव होतो.

जाऊबाईंच्या बाबतीत राहून गेलेली सर्वांत महत्त्वाची तपासणी म्हणजे अस्तराची बायोप्सी. प्रोजेस्टेरॉनवाचून अस्तर दीर्घकाळ वाढत राहिले, तर काही स्त्रियांमध्ये त्याच्या पेशी बदलू लागतात आणि तेथून कर्करोगापर्यंत वाटचाल होऊ शकते. अनेक परदेशी मार्गदर्शिका अशा रक्तस्रावात ४५ व्या वर्षापासून बायोप्सी सुचवतात. आपल्याकडे ती ४० नंतरच करण्याकडे कल आहे, आणि लठ्ठपणा, मधुमेह किंवा पीसीओएस असेल तर त्याहूनही आधी. बारीक नळीने अस्तराचा नमुना घेण्याचे हे काम बाह्यरुग्ण विभागात, भूल न देता, काही मिनिटांत होते. पाळीसारखी कळ येते आणि ती ओसरते. हा रिपोर्ट हाती नसताना पिशवी काढणे मला मान्य नाही. कर्करोग निघालाच, तर शस्त्रक्रियेचा प्रकारच वेगळा असतो. साधा दोष निघाला, तर बहुतेक वेळा शस्त्रक्रिया लागतच नाही.

उपचारांत सध्याचा रक्तस्राव थांबवणे आणि तो पुन्हा होऊ न देणे अशी दोन कामे असतात. रक्तस्रावाच्या दिवसांपुरती ट्रानेक्झॅमिक ॲसिडची गोळी देतात. तिने रक्तस्राव जवळजवळ निम्म्यावर येऊ शकतो, परंतु पूर्वी गुठळी झालेल्या रुग्णाला ती देत नाहीत. मेफेनॅमिक ॲसिड जेवणानंतर घेतात, त्याचा परिणाम त्याहून कमी असतो. मूळ उणीव प्रोजेस्टेरॉनची असल्यामुळे ते बाहेरून देणे हा खरा उपचार. नॉरएथिस्टेरॉन किंवा मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या ठरावीक दिवस देऊन थांबवतात आणि असे चक्र काही महिने चालवतात. गोळ्या मध्येच सोडल्या की रक्तस्राव पुन्हा सुरू होतो आणि औषध लागू पडले नाही असा गैरसमज होतो. असे रुग्ण मी सतत पाहतो. संयुक्त गर्भनिरोधक गोळ्यांचाही उपयोग होतो, मात्र ३५ वर्षांपुढे रक्तदाब, अर्धशिशी आणि धूम्रपान यांची चौकशी केल्याशिवाय त्या देत नाहीत. मशेरी लावण्याची सवय असेल, तर तीही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावी.

लेव्होनॉरजेस्ट्रेल सोडणारी, गर्भाशयात बसवायची तांबीसारखी वस्तू मिळते. ती रोज अगदी थोडे संप्रेरक थेट अस्तरावर सोडते आणि निदान पाच वर्षे काम करते. रक्तस्राव कमी करण्यात औषधोपचारांपैकी तिचा हात धरणारे दुसरे साधन नाही. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत शोधलेले ऑर्मेलॉक्सिफेन, म्हणजे ‘सहेली’ आणि सरकारी पुरवठ्यातील ‘छाया’, हेही आपल्याकडे या रक्तस्रावासाठी वापरतात. परंतु अंडाशयात पाणगाठ असताना ते टाळतात, त्यामुळे जाऊबाईंसाठी आज ते सुचवणार नाही.

कातळसडा

डॉक्टर, आपण फार उलगडून लिहिले आहे. माझी मुलगी १३ वर्षांची आहे. गेल्या वर्षी पाळी सुरू झाली आणि अजून ती नियमित नाही. कधी महिन्याने येते, कधी दीड महिन्याने. येथेही बायोप्सी वगैरे करावी लागते का? घरात सगळे घाबरले आहेत.

खाडीकाठ

अजिबात नाही. पाळी सुरू झाल्यानंतरची पहिली दोन-तीन वर्षे मेंदू, पियुषिका आणि अंडाशय यांचा मेळ बसायचा असतो, त्यामुळे बऱ्याच पाळ्यांमध्ये बीज बाहेर पडत नाही. या वयात २१ ते ४५ दिवसांच्या अंतराने पाळी येणे स्वाभाविक मानले जाते. लक्ष द्यायचे ते रक्तस्रावाच्या प्रमाणाकडे. पहिल्या पाळीपासूनच अंगावर फार जात असेल, नाकातून वारंवार रक्त येत असेल, दात काढल्यावर किंवा लहानशा जखमेनंतर रक्त लवकर थांबत नसेल, किंवा घरात आई-मावशीला असा त्रास असेल, तर रक्त गोठण्यातील दोष तपासावा. त्यात फॉन विलेब्रांड हा आनुवंशिक आजार मुख्य आहे. अशा मुलींना अनेक वर्षे ‘उष्णतेमुळे होतं’ म्हणून घरगुती काढे दिले जातात आणि निदान लांबते, याचे मला वाईट वाटते.

निशिगंध

मी ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे. माझे लिहिणे रक्त भरून काढण्यापुरते आहे, कारण रक्तस्राव थांबला की सर्वांना आजार संपला असे वाटते आणि लोहाच्या गोळ्या डब्यात पडून राहतात.

कच्चे तांदूळ, माती, खडू किंवा बर्फ खावासा वाटणे हे शरीरातील लोह संपत आल्याचे लक्षण असू शकते. सुरंगीताईंनी ते टिपले, हे फार चांगले केले. हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेले की गर्भवती नसलेल्या स्त्रीला रक्तक्षय आहे असे धरतात आणि ८ च्या खाली तो तीव्र मानतात. त्यामुळे ७.८ ला केवळ खाण्यापिण्यावर भागणार नाही. तिसऱ्या (खाडीतल्या शिंपल्या), कुळथाची पिठी, शेवग्याचा पाला हे सगळे जेवणात जरूर असावे, परंतु इतकी तूट त्यातून वेळेत भरून येत नाही. डॉक्टर शिरेतून लोह द्यायचे म्हणाले, तर घाबरून नकार देऊ नये. गोळ्या चालू असतील तर त्या चहाबरोबर किंवा चहानंतर लगेच घेऊ नयेत, कारण चहा लोह शोषू देत नाही. लिंबाच्या सरबताबरोबर किंवा आवळ्याबरोबर घेतल्यास शोषण सुधारते. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी. शौचाला काळे होते, त्याने भिऊन गोळ्या बंद करणाऱ्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत, पण ते लोहामुळेच होते. हिमोग्लोबिन पूर्ववत झाल्यावरही साठा भरण्यासाठी साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात.

दुसरी विनंती नोंदींची. भिंतीवरच्या कालनिर्णयावर रक्तस्रावाच्या प्रत्येक तारखेला खूण करावी आणि त्या दिवशी किती पॅड भिजले, रात्री उठून बदलावे लागले का, गाठी अडीच सेंटीमीटरहून मोठ्या होत्या का, हे शेजारी दोन शब्दांत लिहावे. दवाखान्यात ‘खूप जातं’ असे सांगितल्याने डॉक्टरांना अंदाज येत नाही, तसे पान समोर ठेवले की पुष्कळ प्रश्न आपोआप सुटतात. एका तासात एक पॅड पूर्ण भिजते आहे आणि असे सलग दोन-तीन तास चालले आहे, चक्कर येते आहे, छाती धडधडते आहे, अशा वेळी सकाळच्या एसटीची वाट पाहू नये, १०८ ला फोन करावा.

मोगरा

थोडी दुसरी बाजू मांडते. माझी पिशवी ४७ व्या वर्षी काढली आणि त्याबद्दल मला खंत नाही. मला ॲडेनोमायोसिस होते. गोळ्या झाल्या, संप्रेरकाची तांबी झाली, तरी दर महिन्याला रक्त चढवण्याची वेळ येत होती. बायोप्सी आधी झाली होती, पर्याय समजावून सांगितले होते आणि निर्णय माझा होता. अंडाशय डॉक्टरांनी ठेवले. अगदी गरज असताना ही शस्त्रक्रिया टाळत राहणाऱ्या बायकाही मी पाहिल्या आहेत, म्हणून हे लिहिले.

खाडीकाठ

मोगराताईंशी मी पूर्ण सहमत आहे. शस्त्रक्रिया वाईट नाही, ती कारण न शोधता केलेली असेल तर वाईट. बीडमधील ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली गेल्याचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला. त्यानंतर एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे लागू करण्याचे निर्देश राज्यांना दिले. चाळिशीच्या आसपास पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयेही काढली, तर पाळी एका दिवसात कायमची जाते आणि हाडांची झीज व हृदयविकाराचा धोका वाढतो. ‘पिशवीचा आता उपयोग काय’ या वाक्यात हा सगळा हिशेब कोठेच येत नाही. शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाल्यावर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे हा रुग्णाचा हक्क आहे आणि कोणत्याही समंजस डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

बकुळ

संप्रेरकाच्या तांबीविषयी अनुभव सांगते. पहिले काही महिने रोज थोडे थोडे डाग पडत राहिले आणि काढून टाकावी असे सारखे वाटत होते. डॉक्टरांनी हे आधीच सांगून ठेवले होते, म्हणून धीर धरला. नंतर डाग थांबले आणि आता पाळी नावापुरती येते. पाळी न आल्याने रक्त आत साचते अशी भीती सासरी सगळ्यांना होती. अस्तरच पातळ राहते, त्यामुळे साचायला काही नसते, हे त्यांना समजावून सांगावे लागले.

सुरंगी

सर्वांचे मनापासून आभार. आपण सुचवल्याप्रमाणे जाऊबाईंना ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात दाखवले. प्रसंगी गोव्यात बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयात जाण्याचीही तयारी होती, पण तशी वेळ आली नाही. गर्भ नसल्याची खात्री केली, टीएसएच ठीक आहे, फेरिटिन अगदी तळाला गेले आहे. बायोप्सीचा रिपोर्ट आला आहे : अस्तराची जास्त वाढ आहे, परंतु पेशींमध्ये विकृती नाही. शिरेतून लोह दिले, ट्रानेक्झॅमिकने रक्तस्राव आटोक्यात आला आणि आता प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या चालू आहेत. सासूबाईंना गडग्याचे उदाहरण सांगितल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत आणि मग स्वतःलाही याच वयात तसाच त्रास झाला होता, पण कोणाला सांगितले नव्हते, असे म्हणाल्या.

आता दोनच प्रश्न उरले आहेत. या रिपोर्टनंतर पिशवी काढावी लागेल का? आणि पुढच्या गणपतीला गोळ्या घेता येतील का?

खाडीकाठ

पेशींमध्ये विकृती नसलेली वाढ पुढे कर्करोगात बदलण्याचे प्रमाण वीस वर्षांत पाच टक्क्यांहून कमी आहे आणि प्रोजेस्टेरॉनने ती बहुतेकींमध्ये पूर्ण बरी होते. त्यामुळे आज शस्त्रक्रियेची गरज दिसत नाही. गोळ्यांचा कोर्स निदान सहा महिने सांगितल्या पद्धतीने पूर्ण करावा, आणि गोळ्यांऐवजी संप्रेरकाची तांबी चालेल का, हे आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावे, कारण या आजारात तिचा परिणाम गोळ्यांपेक्षा चांगला असतो. सहा महिन्यांनी बायोप्सी पुन्हा करावी आणि ती निर्दोष आली तरी आणखी सहा महिन्यांनी एकदा करावी. रक्तस्राव थांबला म्हणून ही दुसरी तपासणी बहुतेक जणी चुकवतात. पाणगाठीसाठीची सोनोग्राफीही विसरू नये.

गणपतीच्या गोळ्यांचे म्हणाल, तर उपचार चालू असताना त्यांत मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांची भर घालू नये. श्रावणातच आपल्या डॉक्टरांना सणाच्या तारखा सांगाव्यात. चालू असलेल्या गोळ्यांचेच दिवस पुढेमागे करून ते सोय करून देऊ शकतात.